उतरवून घेणारे अप्पा

भावाचा फोन आला तेव्हा मी एका कोरड्या बोअरवेलपाशी उभी राहून दोन सरपंचांचं भांडण ऐकत होते. "ताई, अप्पा गेले," तो म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. निवृत्त झाल्यापासून आमचे वडील सदा कुठेतरी गेलेलेच असायचे... मुरबाडला कुणाचा दाखला काढून द्यायला, शहापूरला कुणाचं भांडण मिटवायला, नाहीतर नुसतेच एसटी स्टँडवर पेपर वाचत बसायला. भाऊ पुढे बोलेना, तेव्हा कळलं. सकाळचा चहा झाला, खुर्चीत बसले, तिथेच मान कलली. शाळेत कुणी पाच मिनिटं उशिरा आलेलं ज्यांना कधी खपलं नाही, त्यांनी स्वतः जाताना आम्हाला एका मिनिटाची सूचना दिली नाही. मला रागच आला. दीड महिना झाला, अजून गेलेला नाही.

घर आमचं सापगावला, पण अप्पांची सगळी नोकरी मुरबाड तालुक्यात झाली. शेवटची कितीतरी वर्षं सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणजे काय, दोन मास्तरांतले थोरले! आठवडाभर तिथेच राहायचे, शनिवारी दुपारी घरी. शिकवण्याची त्यांची एकच पद्धत होती, उतरवून घ्या. तिचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. आजोबांनी धम्म स्वीकारला आणि काही झालं तरी पोराला शिकवायचं असं ठरवलं, पण पुस्तकं आणणार कुठून? मग वरच्या आळीतून कुणाचं तरी पुस्तक दोन दिवसांच्या बोलीवर मागून आणायचं आणि परत द्यायच्या आत, गुरांमागे बसून, अख्खं वहीत उतरवायचं. जेवढं उतरवलं तेवढं आपलं, राहिलं ते गेलं. त्यामुळे छापील वाक्याला ते पोटच्या पोरासारखं जपायचे. मला निबंध शिकवताना म्हणायचे, "एक अक्षर बदलू नको गो. ज्यानी लिवलंय तो आपल्यापरीस शाणा हाय." मी कशाला बदलते! शाळेत, कॉलेजात, मुंबईला एमएस्सीला, सगळीकडे पुस्तकातलं जसंच्या तसं लिहीत गेले आणि पहिली येत गेले.

अठ्ठ्याण्णव साली सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका विद्यापीठात जाऊन पडले. पडले हाच शब्द बरोबर. पहिल्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि मी ताडकन उभी राहिले. एकटीच! सगळे बघायला लागले तशी मी बाकाखाली काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं. बाईंना नावाने हाक मारायची म्हणे. माझ्या तोंडून ते मरेपर्यंत निघालं नसतं, म्हणून मी समोर जाऊन उभी राहायची आणि त्या वर बघेपर्यंत खोकायची. महिनाभराने त्यांनी काळजीने मला दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. वसतिगृहात स्वयंपाकघर चौघींत एक. मी तांदळाची भाकरी थापायला घेतली तर एक ग्रीक मुलगी धावत आली, कोण टाळ्या वाजवतंय म्हणून. तिला भाकरी आवडली, आणि मग ती माझी मैत्रीण झाली. पण वर्गात मी मुकीच होते. तिकडची मुलं तोंड उघडून सरळ म्हणायची, मला असं वाटतं. मला वाटायचं, अरे, तुला काय वाटतं ते कुणी विचारलंय, पुस्तकात काय आहे ते सांग की!

अप्पांशी बोलणं रविवारी व्हायचं. वाडीला परत जाताना मुरबाडला जीप बदलावी लागे. तिथल्या एका एसटीडी बूथवर ते दुपारी चार वाजता बसून राहायचे आणि मी कार्डावरून फोन लावायची. "जेवलीस का गो? थंडी कशी हाय?" एवढं सगळं ओरडून, कारण मी लांब होते. मी सगळं छान आहे म्हणून सांगायची.

मग पहिला निबंध आला. खडकातलं पाणी हा विषय. मी लायब्ररीतून पाच जाडजूड पुस्तकं आणली, अप्पांच्या रीतीने उतारेच्या उतारे वहीत उतरवले, त्यातले उत्तम ते निवडले आणि असे जोडले की सांधा दिसू नये. इतका सुंदर निबंध मी आयुष्यात लिहिला नव्हता. तो मी लिहिलाच नव्हता, हे मला आठ दिवसांनी कळलं. बाईंनी बोलावून घेतलं, पाचही पुस्तकं टेबलावर उघडून ठेवली होती. दुसऱ्यांचं लेखन स्वतःचं म्हणून दिलं, ही चोरी आहे, समितीपुढे यावं लागेल, आणि समितीने ठरवलं तर नाव कमी होईल. नाव कमी म्हणजे शिष्यवृत्ती बंद आणि मी सापगावला परत. चोरी! आमच्या घरात दुसऱ्याच्या झाडाखालचा आंबासुद्धा कुणी उचलत नाही.

त्या रविवारी मी फोनवर रडतच होते. "अप्पा, इथे दुसऱ्याची वाक्यं घेतली तर चोरी धरतात."

"चोरी?" अप्पा गोंधळले. "पुस्तकं परत दिलीस ना?"

"दिली."

"मंग चोरी कसली?"

आणि माझा तोल गेला. मी ओरडले, "तुम्हीच शिकवलंत हे मला! तुमच्यामुळे मला हाकलतील इथून." पलीकडे नुसती खरखर... आणि कार्ड संपलं. माझ्याकडे दुसरं कार्ड होतं. मी लावलं नाही.

पुढच्या रविवारी मी भीत भीत फोन केला. अप्पा काही झालंच नसल्यासारखे म्हणाले, "मंग त्यांची रीत काय हाय ती सांग मना." मी सांगितली. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हात घालायचं, खाली त्याचं नाव आणि पान लिहायचं, आणि बाकीचं आपलं लिहायचं. "आपलं म्हंजे?" म्हणजे मला जे ठाऊक आहे ते. त्यांनी विचारलं, "तुला काय ठाव हाय?" मला डवरा ठाऊक होता. उन्हाळ्यात ओढा आटला की बायका वाळूत हातभर खड्डा खणतात आणि त्यात झिरपणारं पाणी वाटीने हंड्यात भरतात, तो डवरा. पण तो कुठे खणायचा, किती वेळात भरतो, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. अप्पा म्हणाले, इचारून सांगतो. आठ दिवसांनी बूथवर कागद घेऊन हजर! वाडीतल्या बायकांनी सांगितलेलं एकेक वाचून दाखवलं, कुठल्या वळणावर वाळू गार लागते, सकाळी पाणी का वर येतं, कुठली झाडं पाणी दाखवतात. मी भराभर लिहून घेतलं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात नाय गो. खरं धरतील का ते तुझं?"

समितीच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावलं आणि एक निळं हवाईपत्र पुढे केलं. अप्पांचं गोल गोल अक्षर, इंग्रजीत. विद्यार्थिनी निर्दोष आहे, दोष तिच्या पहिल्या शिक्षकाचा आहे, तो शिक्षक मी आहे, असं लिहिलं होतं. आमच्याकडे पुस्तक परत द्यावं लागे, म्हणून मी तिला उतरवायला शिकवलं, तरी शिक्षा व्हायची ती मला व्हावी. खाली सही, हुद्दा आणि वाडीच्या शाळेचा जांभळा शिक्का! बाई म्हणाल्या, "हे तुमचे मुख्याध्यापक कोण?" मी म्हटलं, वडील. समितीने पहिल्या निबंधाला शून्य दिलं आणि दुसरा लिहायची परवानगी दिली. ती पत्रामुळे दिली की माझं रडकं तोंड बघून, कुणास ठाऊक. दुसरा निबंध डवऱ्यावर होता, आणि तो खरा धरला गेला. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं, बाईंना नावाने हाक मारली, आणि तिथेच राहून पुढे प्रबंधही केला.

पण ते पत्र मी वाचलं हे मी अप्पांना कधीच सांगितलं नाही. त्यांनीही लिहिल्याचं सांगितलं नाही. पत्राचा विषय काढला असता तर त्या रविवारचं माझं वाक्यही निघालं असतं, आणि मला ते नको होतं. पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू... दहा वर्षं मी हेच केलं. दोष तुमचा नव्हता अप्पा, एवढंच तर म्हणायचं होतं. अप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्याबरोबरचे धाकटे मास्तर आले होते. ते म्हणाले, त्या वर्षापासून सरांनी शाळेत उतरवून घेणं बंद केलं, पोरांना म्हणायचे, तुमचं तुमी लिवा. पोरं आपल्या बोलीत लिहायची. तपासायला आलेल्या साहेबांनी वह्या लाल केल्या, तर सर म्हणाले, "साहेब, त्यांचं हाय ते, राहूं द्या."

माझ्या प्रबंधाची बांधीव प्रत मी परत आल्यावर त्यांच्या हातात दिली होती. "जड हाय गो," म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली. मला वाईट वाटलं होतं, उघडलीही नाही म्हणून. गेल्या आठवड्यात आईने ते कपाट मला आवरायला लावलं. प्रबंधाखाली सात लांब वह्या होत्या. अख्खा प्रबंध, इंग्रजीत, गोल गोल अक्षरात, आकृत्यासुद्धा पेन्सिलने. प्रत्येक उताऱ्याला अवतरणचिन्हं आणि खाली माझं पूर्ण नाव, पान अमुक. आई म्हणाली, "रोज दुपारी बसायचे. मी इचारलं तं बोलले, पोरीचं पुस्तक वाचतोय."

मी तिथेच फरशीवर बसून रडले, आणि मग वाचायला लागले. तिसऱ्या वहीत डवऱ्याचं प्रकरण होतं. तिथे माझं वाक्य होतं, ही माहिती स्थानिक रहिवाशांकडून मिळाली. बस. प्रबंधाच्या शेवटी संदर्भांची पानंच्या पानं आहेत, कुठकुठल्या देशांतल्या माणसांची नावं आहेत, पण हे एवढं कुणी सांगितलं त्याचं नाव मी लिहिलेलं नाही. अप्पांनी बूथवर कागद वाचताना प्रत्येक ओळीआधी नाव घेतलं होतं, हे सोनीबाय बोलली, हे अमकी बोलली, आणि मी पाणी तेवढं लिहून घेतलं होतं. समितीपुढे उभी राहून आलेली मी! अप्पांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, एक अक्षर न बदलता, आणि खाली माझं नाव घातलं होतं.

मी पेन काढलं आणि त्या ओळीपुढे अप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. मग सोनीबाय लिहिलं. आणखी दोघी होत्या. त्यांची नावं काही केल्या आठवेनात, आणि ती विचारायची तर अप्पांनाच विचारायला हवी होती.