कपबशीची माती

“हलू नका. श्वास रोखा.” आमचे एक्सरेवाले काका हे दिवसातून शंभरदा म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा स्वतःचा पाय मात्र शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलत असायचा.

पायाला भिंगरी लागलेलं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. काका चहा उभ्यानं प्यायचे, तोही अर्धाच. क्रांती चौकाजवळच्या त्या दवाखान्यात मी रिपोर्ट टाईप करायचे. फोटो निघाला की हे माझ्या खुर्चीमागे हजर. “झालं का? लई वेळ लावता तुम्ही, म्याडम.” मग मी मुद्दाम आणखी हळू टाईप करायचे.

पेशंटला समजावून सांगायची त्यांना भारी हौस. डॉक्टर अर्धा तास जे सांगत, ते काका अर्ध्या मिनिटात सांगून मोकळे.

कन्नड गावची एक दहा वर्षांची मुलगी होती. तिच्या नडगीच्या हाडात पोकळी झाली होती. डॉक्टरांनी ती खरवडून आत सिरॅमिकचे बारीक दाणे भरले. या दाण्यांना हाड परकं मानत नाही. हळूहळू त्यांची जागा घेतं, आणि सगळं नीट झालं तर वर्ष-दोन वर्षांनी फोटोत दाणे वेगळे ओळखूही येत नाहीत.

“सिरॅमिक म्हंजी काय वो?” तिच्या बापानं विचारलं.

काका घाईत होते. कधी नसायचे? “अवं, कपबशीची माती. घाबरू नका.”

चार महिन्यांनी मुलगी आईच्या कडेवर आली. पाय काडीसारखा. फोटोत हाड फिकं, आणि दाण्यांच्या कडा पहिल्या दिवसाइतक्याच ठळक. डॉक्टर भडकले. दीड महिन्यानंतर पाय टेकवायला सांगितलं होतं, वजन पडल्याशिवाय हाड भरायचं कसं? असंच राहिलं तर पुन्हा ऑपरेशन.

“टेकवू कसा द्यावा, साहेब?” आई म्हणाली. “हे काकाच म्हणले, कपबशीची माती हाय. फुटली असती म्हंजी?”

मला आधी हसू आलं, मग त्या हसण्याची लाज वाटली. चार महिने त्या बाईनं एवढी मोठी पोर कडेवरून उतरू दिली नव्हती. काका त्या दिवशी रिपोर्टसाठी मागे लागले नाहीत. “म्याडम, माझ्या तोंडानं पोरीचा पाय घालवला,” एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी एसटी धरली. रोज किती चालवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेतलं होतं. मग दर रविवारी कन्नड, आणि दर सोमवारी माझ्या टेबलाशी बातमी. “उंबऱ्यापर्यंत आली.” “हापशापर्यंत गेली, पण माझा शर्ट धरून.” एकदा तर हसतच आले. “मी म्हणलं, टेकव बिनधास्त, मोडला तर माझा घे. तर म्हणती, तुमचा म्हातारा हाय.”

सहा महिन्यांनी कडा जराशा पुसट झाल्या. काकांनी फोटो उजेडात धरून मला दाखवला. मला काही कळलं नाही, तरी मी हो म्हणाले. त्यांचं समाधान झालं नाही. “पुसट नाय, पार दिसेनाशा व्हायला पाहिजेत.”

पुढचा फोटो त्यांना पाहता आला नाही. दिवाळीच्या आधी ड्युटीवरच छातीत कळ आली आणि तासाभरात काका गेले. मी त्यांच्यावर अजून चिडलेली आहे. इथंही घाईच केली त्यांनी.

गेल्या महिन्यात ती मुलगी आली. स्वतःच्या पायांनी जिना चढून. काका गेल्याचं कन्नडला कुणी कळवलं नव्हतं. गुडघा फुटलेला, आणि मागून आईचा तोंडाचा पट्टा चालू. पोरगी शाळेच्या भिंतीवर चढली होती. नव्या माणसानं फोटो काढला. डॉक्टरांनी तो खालीवर करून पाहिला, दाणे कुठं भरले होते ते त्यांनाही जुना फोटो काढून बघावं लागलं. “हाडाला इजा नाही,” मी टाईप केलं आणि पुढची अक्षरं दिसेनात.

तेवढ्यात मुलगी एक्सरेच्या खोलीत डोकावून आली.

“काका कुठंयत?”

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “त्यांना सांगा, भिंतीवरून पडले, तरी मोडलं नाय.”