एका साइडची गोळी

लिहायला बसलो याबद्दल आधी माफ करा. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराशिवाय कुणी कधी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि मीही अजून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. औषधांबद्दल बोलावं एवढं मला कळत नाही. पण जे घडलं ते मला कळत नव्हतं म्हणूनच घडलं.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, आंधळगावजवळ. माय धानाच्या रोवणीला जाते. दिवसभर चिखलात वाकून तिचे गुडघे सुजायचे. मोहाडीच्या बाजारात एक भोंगा लावलेली गाडी यायची. "गुडघा, कंबर, वात! शंभर टक्के जडीबुटी! साइड इफेक्ट बिलकुल नाही!" गाडीवर पळणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. मायनं तिथून एक डबी आणली आणि माझ्यासमोर धरली.

"वाच बरं बाबू, काय लिवलं आहे. तू सायन्सवाला न."

रोज एक गोळी, असं लिहिलं होतं. गोळीत काय काय आहे ते कुठंच नव्हतं, आणि ते नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. उरलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"अन् हे साइड इफेक्ट म्हणजे काय असते?"

माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं. म्हणालो, "साइड म्हणजे बाजू, माय. इफेक्ट म्हणजे परिणाम. बाजूचा परिणाम नाही."

"अस्सं होय," माय म्हणाली.

बाबा खाटेवरून हसले. "पोरगा डॉक्टरच झाला वो तुझा!"

आठ दिवसांत माय भराभर चालू लागली. धानाच्या बांधीत सोबत रोवणाऱ्या बाया तिला चिडवायच्या, "गोळी खाऊन कोणाच्या वरातीत नाचाले चालली वो?" माय हसायची. मलाही बरं वाटायचं. एक डबी संपली, दुसरी संपली. किती दिवसांत संपतात, एवढंही मी मोजलं नाही.

पोळ्यापर्यंत तिचा चेहरा गोल झाला. "खाऊन खाऊन फुगून राहिली," बाबा म्हणायचे. मग पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, लघवी जवळजवळ बंद झाली. आम्ही तिला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

डॉक्टर मॅडमनं डबी उलटसुलट पाहिली. "रोज किती घेत होत्या?"

"दोन."

"यावर तर एक लिहिलंय."

"एक तं एकाच साइडची न मॅडम," माय म्हणाली. "बाजूले परिणाम नाही करत, असं लिवलं आहे. मंग दुसऱ्या गुडघ्याले दुसरी नाही लागत का?" आणि माझ्याकडे हात करून तिनं कौतुकानं सांगितलं, "पोरानं वाचून सांगतलं."

मॅडमनं मला विचारलं, काय शिकतोस? मी इतक्या हळू सांगितलं की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

अशा गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं असतं, असं त्या म्हणाल्या. आराम पडतो, पण किडनीला मार बसतो. आणि असं औषध मनानं एकदम बंद करणंही धोक्याचं. कसं कमी करायचं ते त्याच ठरवतील. मायच्या रक्तात किडनीचं क्रिएटिनिन वाढलंय, दोन दिवसांनी पुन्हा तपासू. सुधारणा नसेल तर डायलिसिससाठी नागपूरला न्यावं लागेल.

आमच्याकडे 'नागपूरले नेलं' हे लोक हळू आवाजात सांगतात. आमच्या गल्लीतून दोघांना नेलं होतं. मला ते दोघेच आठवत राहिले. माय झोपली की मी तिच्या पोटाकडे पाहत बसायचो, श्वासानं हलतं की नाही ते. लघवीची पिशवी तासातासाला पाहायचो.

दुसऱ्या दिवशी चहा आणायला बाहेर गेलो, तर रस्त्यावर तसाच भोंगा. या वेळी शुगरची गोळी, आणि साइड इफेक्ट नाही. माणसं थांबून ऐकत होती. पुढं होऊन बोलावं असं वाटलं, पण पाय उचलला नाही. माझं कोण ऐकणार, असं मनाला सांगितलं. पण खरं सांगतो, मला उलटीच भीती वाटली. मायनं माझं ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. मी जात नव्हतो. बाबांनी रागावून पाठवलं. "तू इथं बसून काय रक्त तपासशील का?" फोन प्रयोगशाळेबाहेर बॅगेत ठेवावा लागला. माझ्या हातून एक परीक्षानळी फुटली.

बाहेर आलो तर बाबांचे तीन मिस्ड कॉल. बाबा एकदा लावतात, नाही उचलला तर सोडून देतात. मी भिंतीला टेकून फोन लावला. तिकडून आधी नुसता वॉर्डातला गलका ऐकू आला.

"बाबा? बाबा, बोला न."

"कुठं होता बे? कवाचा लावून राहिलो. रिपोर्ट आला. ते किडनीचं काय असते, ते उतरलं म्हणते मॅडम. तुझ्या मायले नागपूरले न्या लागत नाही."