चौसष्ट पावलांवरची रहाड

खड्डा पाच फूट खाली गेला आणि हाती काय लागलं? मुरूम, दोन विटा आणि एक फुटकी कपबशी. आमच्या मजुरानं, काशिनाथनं, पहार बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी शैलाताईंकडे बघितलं. शैलाताईंनी नानांच्या दाराकडे बघितलं. नाना दारातूनच मागं वळले. आत गेले आणि दार लावून घेतलं.

आधी हे सांगतो की मी तिथं काय करत होतो. मी सर्व्हेअर. रस्ता करायच्या आधी जमीन कुठं वर आहे, कुठं खाली आहे ते मोजून नकाशावर उतरवायचं, हे माझं काम. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि जुन्या नाशकातली एक गल्ली काँक्रीटची करायचं काम आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडं होतं. गल्लीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला चहाला बोलावतात.

नोकरी अशी, आणि शनिवार-रविवारी मी आमच्या इतिहास मंडळाचा सभासद. मंडळ म्हणजे आठ-दहा माणसं, शाळेतला एक वर्ग आणि उसना आणलेला स्लाइड प्रोजेक्टर. सेक्रेटरी शैलाताई, शाळेत इतिहास शिकवायच्या. आम्ही गावातले सणवार, रूढी, जुनी घरं यांचे फोटो दाखवायचो. बघायला यायचे ते बहुतेक आमचेच नातेवाईक.

त्या वर्षी होळीच्या आधी आम्ही रहाडींचा कार्यक्रम ठेवला. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. वर्षभर तो लाकडी फळ्या आणि मातीखाली बंद असतो, वरून रस्ता. रंगपंचमीला उघडायचा, पूजा करायची, पळसाची फुलं उकळून रंग ओतायचा आणि त्यात उड्या मारायच्या. त्या उडीला आमच्याकडे धप्पा म्हणतात. स्लाइड संपल्या तसे मागच्या बाकावरून गोविंदनाना उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर तांब्या-पितळेची भांडी ठोकलेले.

"आमच्या गल्लीतली राहिली की," ते म्हणाले. "केशरी रंगाची. पहिल्या धप्प्याचा मान आमच्या घराचा."

लोक हसले. नानांचा सख्खा पुतण्यासुद्धा हसला. गल्लीत भांडण होऊन ती रहाड बंद पडली त्याला तीस वर्षं होऊन गेलेली, मग वर डांबर पडलं, ओटे पाडले गेले, दुकानं आली. जुनी बिऱ्हाडं गल्ली सोडून गेली आणि चाळिशीच्या आतल्या कुणालाही आठवत नव्हती. नाना, स्वप्नात बुडी मारली असेल, असं पोरंटोरं त्यांना तोंडावर म्हणायची. म्हातारा खोटं बोलत नाही हे मला त्यांच्याकडे बघूनच कळलं. आणि त्याच गल्लीवर पुढच्या आठवड्यात आम्हीच आठ इंच काँक्रीट ओतणार होतो. काँक्रीट पडलं की विषय संपला. नानांच्या हयातीत तर नक्कीच.

साहेबांकडं गेलो. आमचे कॉन्ट्रॅक्टर, वाईट माणूस नव्हे, पण घाईचा.

"देवरे, तू पगार माझा घेतोस का त्या मंडळाचा?"

"तुमचाच, साहेब. एक ट्रायल पिट मागतोय." ट्रायल पिट म्हणजे खाली काय आहे ते बघायला मारलेला छोटा खड्डा.

"एक. शुक्रवारी सकाळी. बारापर्यंत बुजवून पाहिजे. शनिवारी सकाळी मिक्सरची गाडी येणार."

एक म्हणजे एकच. मग जागा अचूक हवी. शैलाताईंच्या रजिस्टरमध्ये नानांनी सांगितलेलं लिहून ठेवलं होतं: दारापासून गल्लीच्या मधोमध, देवळाच्या दिशेनं चौसष्ट पावलं. नानांचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांना चालायला लावायचं मी टाळलं. आणि खरं सांगायचं तर मला गरजही वाटली नाही. टेबलावर बसून मी हिशोब केला. अठ्ठ्याहत्तरीतलं पाऊल आखूड असणार, तेव्हा ते धरायचं नाही. रहाड चालू होती तेव्हा नाना तरणेबांड होते. तरण्या माणसाचं पाऊल अडीच फूट. चौसष्ट गुणिले अडीच, एकशे साठ फूट. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश झालो. एकशे साठ फुटांवर चुन्याची खूण केली आणि काशिनाथला खणायला लावलं. पुढं कपबशी निघाली ती सांगितलीच.

साडेनऊ वाजले होते. मी नानांचं दार वाजवलं. बराच वेळ उघडेनात. शेवटी शैलाताईंनी हाक मारली तेव्हा कडी निघाली.

"जाऊ द्या, साहेब," नाना म्हणाले. "नसेलच. सगळी म्हणतात तर नसेलच."

हे ऐकून मला इतकी लाज वाटली की काय सांगू. माणसाला स्वतःच्या आठवणीबद्दल शंका यायला लागली होती, आणि ती मी माझ्या गुणाकारानं आणली होती.

"नाना, पावलं चौसष्टच ना?"

"चौसष्टच. दर खेपेला मोजायचो."

"खेपेला? कसली खेप?"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की याला एवढंही माहीत नाही.

"रंगाची. फुलं आमच्या परसात उकळायची. उकळतं पाणी हंड्यात, हंडा बांबूवर, एक मी, एक माझा थोरला भाऊ. पाय जुळले नाहीत तर रंग पायावर सांडायचा. म्हणून मोजत चालायचो. तुम्ही काय समजलात, मी मोकळ्या हातानं हवा खात चाललो होतो?"

मी खरंच तसं समजलो होतो. उकळता हंडा घेऊन कोण अडीच फुटांचं पाऊल टाकेल? मला हे विचारायचं सुचलं नाही आणि सांगायचं त्यांना सुचलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. त्या वाटेनं दुसरं कुणी कशाला चालेल?

"हंडा आहे अजून?"

हंडा माळ्यावर होता. काशिनाथनं खाली काढला. नळाच्या पाण्यानं पाऊण भरला, कडीतून बांबू घातला. मी म्हटलं, नाना, तुम्ही नुसते बाजूनं चला, मागचं टोक काशिनाथ धरेल.

"मागचं टोक माझं," नाना म्हणाले. "मागचा मोजतो. पुढच्यानं गप चालायचं."

शैलाताई त्यांच्या गुडघ्याबद्दल काहीतरी बोलल्या. नानांनी तिकडं लक्षच दिलं नाही. मी पुढचं टोक खांद्यावर घेतलं. बांबू हाडात रुतला.

"एक. दोन. साहेब, लांब टाकू नका. तीन. सांडतंय माझ्या पायावर. उकळतं असतं तर आता शिव्या खाल्ल्या असत्या."

दहाव्या पावलापर्यंत माझं पाऊल आपोआप आखूड झालं. टाकत नव्हतो, सरकवत होतो. गल्लीतली माणसं दारात आली. सुरुवातीला कुणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं. चाळिसाव्या पावलाला नाना धापा टाकायला लागले, पण आकडा चुकला नाही. चौसष्टला ते म्हणाले, "ठेवा." आम्ही शिंप्याच्या दुकानासमोर होतो.

टेप लावली. ऐंशी फूट. मी काढलं होतं त्याच्या बरोबर निम्मं.

तेवढ्यात साहेबांची स्कूटर आली. आधीचा खड्डा बघून ते म्हणाले, "झालं समाधान? बुजवा."

"साहेब, अजून एक मारायचाय. इथं."

"एक म्हणजे किती, देवरे? म्हातारा म्हणेल तिथं खणत बसायचं का?"

साहेबांचा माणसांवर विश्वास नसायचा, आकड्यांवर असायचा. मी पिशवीतून लेव्हल बुक काढलं. रस्त्याची उंची दर दहा फुटांवर मोजून ज्या वहीत लिहितात ती ही वही. मोजणी गल्लीच्या तोंडापासून सुरू, नानांचं दार तिथून चाळीस फुटांवर, म्हणजे मला एकशेवीस फुटांचं रीडिंग बघायचं होतं. त्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं रस्ता दोन इंच खाली गेलेला होता. शेजारी पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पट्टी चुकीची धरली? आणि नकाशात मी ती रेघ सरळ मारून टाकली होती.

वही साहेबांपुढं धरली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मदतनिसाची चूक वाटली. चूक माझी होती."

साहेबांनी मागचं-पुढचं रीडिंग ताडून बघितलं. मग शिंपी दुकानातून म्हणाला, "पावसाळ्यात इथंच पाणी साचतं, शेठ."

"खालच्या फळ्या कुजल्या असतील तर," मी म्हटलं, "उद्या मिक्सरची गाडी याच्यावरूनच जाणार आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "बारापर्यंत," म्हणाले, आणि स्कूटर स्टँडला लावून तिथंच उभे राहिले.

काशिनाथ पेठ तालुक्याकडचा, बोलायला कंजूष. दोन फुटांवर त्याची पहार थांबली. त्यानं हातानं माती सारली.

"सायेब, लाकूड हाय."

काळी पडलेली सागाची जाड फळी. तिच्या कडेला दगडाची घडीव किनार. पुन्हा टेकवली तशी पहार कुजक्या फळीतून आरपार गेली आणि खालून ओलसर थंड वास आला. नाना खड्ड्याच्या काठावर बसले, हात खाली घालून दगडावरून फिरवला, मग तोच हात कपाळाला लावला. पुतण्या मागं उभा होता. त्याच्याकडे न बघता नाना म्हणाले, "आता सांग, स्वप्नात का?" पुतण्यानं मान खाली घातली आणि त्यांना धरून उठवलं.

साहेबांनी रीतसर परवानगी काढून नकाशा बदलला. रहाडीपुरता भाग मोकळा ठेवला, वर उचलता येतील अशा लाद्या टाकल्या. काम चार दिवस लांबलं, आणि त्याबद्दल मी बरंच ऐकून घेतलं.

रंगपंचमीला गल्लीनं रहाड उपसली, पूजा केली. पेठकडून पळसाची फुलं काशिनाथनं आणली. पहिला धप्पा नानांचा. उडी मारणं शक्यच नव्हतं, दोघांनी काखेत धरून आत सोडलं. वर आले ते मिशांसकट केशरी, आणि पहिलं वाक्य काय बोलले? "पुढचं टोक ज्यानं धरलं तो कुठंय?" दुसरा धप्पा त्याचा असतो म्हणे. मी ऑफिसचा शर्ट घालून आलो होतो. कुणी ऐकून घेतलं नाही.

चार दिवस कान केशरी राहिले. साहेब रोज विचारायचे, देवरे, रीडिंग बरोबर घेतलंस ना. नंतर मी गल्ल्या पुष्कळ मोजल्या, जुन्या माणसांनी सांगितलेले अंदाजही पुष्कळ ऐकले. कुणी म्हणालं, इथून इतकी पावलं, की टेप काढायच्या आधी मी एकच विचारतो: तेव्हा खांद्यावर काय होतं?