दोन डबे आणि एक भट्टी

पाववाल्याच्या गल्ल्याखाली दोन डबे असत, एक दुकानाचा, एक घराचा. ही शिस्त थोरल्या बहिणीची. "या डब्यातलं त्या डब्यात जायचं नाही," ताई बजावायची. रोज दुकान बंद करताना दोन्ही डबे ती स्वतः उचलून कपाटात ठेवायची.

पाववाला हाताचा कसबी, पण व्यवहाराच्या नावाने शंख. कालचा पाव विकणं त्याला चोरी वाटे, उरलेला फुकट वाटून टाकी. ताई म्हणे, "कर्णा, आधी नफा होऊ दे, मग दान कर."

मग ताईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला. तीन महिन्यांत ऑपरेशन करा, डॉक्टरांनी सांगितलं. घराच्या डब्यात तेवढे पैसे होते. पण त्याच आठवड्यात एका बंद बेकरीची भट्टी विकायला निघाली. तसल्या भट्टीसाठी हा माणूस वीस वर्षं झुरला होता! दोन महिन्यांत पैसे परत ठेवू, असं स्वतःला समजावून त्याने घराचा डबा रिकामा केला. ताईला म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, घाई नाही."

भट्टी गुणाची निघाली. पावाला गिऱ्हाइकांची रीघ लागली, पण डबा भरायला आठ महिने गेले. तोवर ताईची नजर गेली. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. ताईने नशिबाला बोल लावला आणि नाणी बोटांनी चाचपून गल्ला सांभाळू लागली. त्याला तिच्याकडे बघवत नसे.

यंदा व्यापारी मंडळाने त्याला बोलावलं. नव्या धंदेवाल्यांना सांगायचं होतं, हौस आणि हिशेब दोन्ही कसं सांभाळलंत.

"दोन डब्यांचं सांग," ताई कौतुकाने म्हणाली.

त्याचा धीर सुटला. "ताई, भट्टी मी तुझ्या ऑपरेशनच्या पैशांतून घेतली."

"माहीत आहे. डबा त्याच दिवशी हलका लागला हाताला. म्हटलं, डॉक्टरच घाई नाही म्हणतात, तर होऊ दे तुझी हौस." ती हसली. मग तिचा हात नाण्यांवर थांबला. "घाई नव्हती ना रे?"

पाववाल्याने नुसती मान हलवली. तिला ते दिसलं नाही, म्हणून त्याला तोंडाने सांगावं लागलं, "होती, ताई."