तुमच्या दोघांत मोठं कोण?

राज्यपालांच्या एडीसींनी, म्हणजे त्यांच्या दिमतीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी, फोनवर सांगितलं की स्टेज नको, साहेब गावकऱ्यांसोबत खालीच बसतील. फोन ठेवतो न ठेवतो तोच पालकमंत्र्यांचे पीए लाइनवर. सरकार आमचं, मग आढावा बैठक राज्यपाल कशी घेतात, असं ते विचारत होते.

मी तेव्हा वर्ध्यात उपजिल्हाधिकारी होतो. प्रोटोकॉल माझ्याकडे. म्हणजे मोठ्या माणसांनी कुठे उतरायचं, कोणाशेजारी बसायचं, आधी कोण बोलणार, हे ठरवणं. पूर्वीचे राज्यपाल सोपे होते. सेवाग्रामला येत, आश्रम बघत, जेवायला नागपूर गाठत. हे मात्र गावोगाव जाऊन केंद्राच्या योजना पोचल्या का, ते स्वतः विचारायचे. राज्यपालांना नेमतं केंद्र, पण राज्याचा कारभार चालतो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. दोन्हींच्या मध्ये मी.

कलेक्टर मॅडमना म्हणालो, "कार्यक्रमपत्रिकेतून 'आढावा' काढून 'संवाद' लिहू. आणि पालकमंत्र्यांनाही बोलावू."

"ते खाली बसतील?"

"राज्यपाल बसल्यावर बसावंच लागेल."

गिरडच्या पलीकडे एक गोंडांचं गाव. समाजमंदिरात सतरंजी अंथरली. दोघेही बसले. राज्यपालांनी हिंदीत घरकुल, गॅसची चौकशी केली. उत्तरं बरी आली. मग शेवंताबाई मडावी उठल्या. पावसाळ्यात नाला भरला की गावाचा रस्ताच बंद. गेल्या वर्षी त्यांच्या दिवस भरलेल्या सुनेला लोकांनी बाजेवर घालून पाण्यातून दवाखान्यात नेलं होतं. नशीब, दोन्ही जीव वाचले. एवढं सांगून त्यांनी समोरच्या दोघांकडे पाहिलं.

"आमाले पूल पायजे. सांगाव कोनाले? तुमच्या दोघाईत मोठं कोन?"

मोठमोठ्या वकिलांना न सुटलेला प्रश्न बाईंनी सहज विचारला होता.

राज्यपाल हसले. "माँजी, पूछना मेरा काम है। बनाना इनका।" आणि ते मंत्र्यांकडे बघत राहिले.

मंत्रीही हसले. दुसरा इलाजच नव्हता. पुढच्या पावसाळ्याआधी पूल होईल, असं त्यांनी तिथेच कबूल केलं आणि मागे उभ्या असलेल्या इंजिनिअरला कामाला लावलं.

पूल वेळेत झाला. उद्घाटनाला मंत्री आले, फीत त्यांनी शेवंताबाईंकडून कापून घेतली. राज्यपालांना निमंत्रण नव्हतं. त्यांनी फोनवरून मंत्र्यांचं अभिनंदन केलं.

राज्यपालांचे अधिकार नेमके किती, हा वाद कोर्टात खुशाल चालू दे. जिल्ह्यात मात्र विचारणारा आणि करणारा एका वेळी समोर बसले, की फाईल जरा लवकर हलते.