टपरीचा आकडा

समुद्राची सगळ्यात जास्त काळजी या जगात कोणाला असेल तर ती आमच्या साडभाऊंना होती, आणि त्यांनी जन्मात कधी समुद्र पाहिला नव्हता. समुद्र तर सोडाच, नागपूरच्या पलीकडे त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. अर्जुनी मोरगावजवळ धानाच्या बांध्यांच्या मधोमध एक मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीवर एक सरकारी खोली, पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी, आणि ती पट्टी रोज सकाळी आठ वाजता वाचून रजिस्टरात लिहिणारे आमचे साडभाऊ. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणायचो, ती त्यांना दिलेली. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जो काही जीव लावायचा तो त्यांनी त्या पट्टीला लावला, असं ताई म्हणायची आणि हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे, पण बायकोच्या माहेरच्या लोकांवर मत देऊ नये एवढं मी मास्तरकीत शिकलो होतो.

पट्टीवरचा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत असतो. ही गोष्ट आपण शाळेत पाठ करतो आणि विसरून जातो. साडभाऊ विसरले नाहीत. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू समुद्राच्या वर किती, एवढाच तिचा पत्ता होता. मी घर बांधायला काढलं तेव्हा ते पातळी मापायची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी खांद्यावर टाकून आले, दोन दिवस गवंड्याच्या पायात पायात केलं, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मास्तर, तुमचा उंबरठा स्टेशनच्या फलाटापेक्षा दीड हात खाली हाय." गवंडी संतापला, बायको रडकुंडीला आली, आणि साडभाऊ चहा पिऊन निघून गेले. आमच्याकडची अरुंद रुळांवरची छोटी गाडी जाऊन मोठी गाडी आली तेव्हा स्टेशनवर नवी पिवळी पाटी लागली. रंगाऱ्याने गावाचं नाव लिहिलं, पण खालची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची राहिली. साडभाऊ रोज सायकलने स्टेशनवर जायचे. "साहेब, गाव किती उंचावर हाय तेच नाही लिहिलं, त लोकं उतरतीन कुठं?" स्टेशनमास्तर हिंदीवाला होता. "अरे दादा, गाडी तो रुक रही है ना?" असं तो म्हणायचा. शेवटी कंटाळून त्याने रंगारी बोलावला.

वाचनाची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. वारा असला की पट्टीपाशी पाणी वरखाली होतं. साडभाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून लाट वर गेली की एक आकडा, खाली आली की एक, असे कितीतरी आकडे मनात धरून त्यांचा मध्य काढायचे आणि मग दम सोडायचे. ताप असो, पोळा असो, घरात लग्न असो, आठ म्हणजे आठ. शेजारच्या तलावावरचा त्यांचा सहकारी मात्र पाळीवर जातच नसे. तो फाट्यावरच्या चहाटपरीवर बसून अंदाजाने आठवड्याचं रजिस्टर एकदम भरायचा. साडभाऊंनी त्याला नाव दिलं होतं, 'टपरीचा आकडा'. पुढे हा शब्द त्यांनी जगातल्या सगळ्याच खोटेपणाला लावला. पुढाऱ्याचं भाषण म्हणजे टपरीचा आकडा. सोयरिकीत मुलाचं सांगितलेलं वय म्हणजे टपरीचा आकडा. माझ्या शाळेचा हजेरीपट त्यांनी एकदा चाळला आणि काही न बोलता मिटून ठेवला, तेव्हा मला त्यांचा फार राग आला, कारण त्यांना कळलं होतं.

सगळं बिघडलं ते रेडिओमुळे. दोन हजार एक-दोनची गोष्ट असावी. समुद्र हळूहळू वर चढतो आहे, असं कोणीतरी रेडिओवर बोललं, आणि साडभाऊंचं जेवण सुटलं. माप समुद्रापासून आणि समुद्रच जागेवर नाही, म्हणजे आपलं सगळं रजिस्टर खोटं, या भीतीने ते खंगत चालले. मग रेडिओला पत्र, तिथून उत्तर, असं करत गोव्याकडच्या एका संस्थेत समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा नंबर मिळाला. फोन आमच्याच घरी होता. त्यामुळे दर रविवारी सकाळी दहाला साडभाऊ आणि ताई आमच्या बैठकीत हजर व्हायचे. साडभाऊ फोनवर ओरडायचे. मी हळू बोलायला सांगितलं तर म्हणायचे, "समुद्र काय इथं हाय? हळू बोलून कसं पोचल?" पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "बाई, तब्येत कशी हाय?" बाई म्हणाल्या, थोडी सर्दी आहे. साडभाऊंचा चेहरा उतरला. "समुद्राले?"

त्या समुद्रवाल्या बाई फार भल्या होत्या. त्यांनी समजावलं की समुद्राची उंची म्हणजे पाण्याची आजची उंची नव्हे. फार पूर्वी वर्षानुवर्षं लाटा मोजून, त्यांचा मध्य काढून ती उंची एका दगडावर कोरून ठेवली आहे. समुद्र चढला तरी तो दगडावरचा शून्य हलत नाही. तुमचं रजिस्टर खरं आहे, काका. आपण तलावावर करतो तेच हे लोक समुद्रावर करतात, हे ऐकून साडभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांचा स्वभाव असा की दिलासा त्यांना पचत नसे. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मंग तो शून्य आता पाण्याखाली गेला का?" बाई म्हणाल्या, थोडासा गेलाय, काका. साडभाऊंनी फोन ठेवला. जेवायला बसले नाहीत. जाताना मला म्हणाले, "आपण सारे ज्याच्यावर उभे हावो, तोच बुडून राहिला, मास्तर. अन् कोणाले पत्ता नाही."

त्या बाईंनी त्यांना आणखी दोन माणसं जोडून दिली. एक खोल पाण्यात उतरणारा पाणबुड्या. त्याला यांनी विचारलं, खाली काय दिसते? तो म्हणाला, बरंच खाली गेलं की काहीच नाही, अंधार. "हां," साडभाऊ म्हणाले, "मले तसंच वाटत होतं." पुढे दोघं कितीतरी वेळ गप्प राहिले आणि माझं मीटर पळत राहिलं. दुसरा कोकणातला, किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारा. त्याच्याशी बोलताना साडभाऊ अगदी साधेपणाने म्हणाले, "आमच्याकडं त कासव खातात बाप्पा." त्या माणसाने दोन रविवार फोन उचलला नाही. त्याची साडभाऊंनी अशी काही शरम घेतली की तलावावर जाळी टाकणाऱ्या ढिवरांच्या मागे लागून ते जाळ्यात आलेलं प्रत्येक कासव सोडायला लावू लागले. "कायले सोडू जी?" ढिवर विचारायचे. "त्याचे सोयरे समुद्रात हाय," साडभाऊ सांगायचे. ढिवर हसायचे, पण सोडायचे.

या सगळ्यात ताई बाजूला खुर्चीवर बसलेली असायची. समुद्राचं वेड साडभाऊंना डोक्याने होतं, ताईला साधं डोळ्यांनी होतं. तिला तो पाहायचा होता, बस. एकदा ती म्हणाली, "त्या बाईले विचारा न, टेलिफोनातून आवाज येते का त्याचा?" बाईंकडे तेव्हा नुकताच मोबाइल आला होता. पुढच्या रविवारी त्या खास किनाऱ्यावर गेल्या आणि फोन पाण्याकडे धरून उभ्या राहिल्या. ताईने रिसीव्हर कानाला लावला. पदर सावरून, मान वाकडी करून ती किती तरी वेळ ऐकत होती. "कसा वाटते?" बायकोने विचारलं. "पंख्यावानी," ताई म्हणाली, आणि लाजली. बाईंनी दोघांना बोलावलं. या, मी तुम्हाला तो दगडावरचा शून्य दाखवते, मावशींना समुद्र दाखवते. ताईने त्याच आठवड्यात ट्रंक काढून धुतली. साडभाऊ मात्र म्हणाले, रिटायर झालो की जाऊ. त्यांच्या जागी आठ दिवस कोण येणार? तोच टपरीवाला. रजिस्टरात आठ खोट्या ओळी पडतील. आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं, मी तर भांडलोच. ते ऐकत नव्हते. "थांबते न मी," ताई म्हणाली, "समुद्र कुठं जाते?"

रिटायर व्हायला पाच महिने असताना ताई गेली. धानाची मळणी चालू होती. पहाटे छातीत दुखतं म्हणाली, आणि उजाडायच्या आत सगळं संपलं. दुपारी तलावाच्या पाळीजवळ तिला अग्नी दिला. मी पूर्ण दिवस साडभाऊंच्या सोबत होतो. ते रडले नाहीत. ओट्यावर बसून समोर बघत राहिले. आठ कधी वाजून गेले हे त्यांनाही कळलं नाही आणि मला तर त्या रजिस्टराची आठवणही आली नाही. ती ट्रंक मात्र खाटेखाली होती. तिच्यात दोन नवी लुगडी आणि एक रिकामी बाटली होती. बाटली कशाला, तर समुद्राचं पाणी आणायला, असं बायकोने मला मागाहून सांगितलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी साडभाऊ बरोबर दहाला आले आणि फोन लावला. पलीकडून बाईंनी नेहमीसारखं विचारलं असावं, मावशी कशा आहेत. साडभाऊ म्हणाले, "बरी हाय." मी आणि बायको एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेजारची खुर्ची रिकामी, आणि हे ओरडून सांगताहेत, बरी हाय, घरीच हाय. मला वाटायचं, उठून त्यांच्या हातातून फोन घ्यावा. घेतला नाही. रिटायर झाल्यावर बाईंनी पुन्हा बोलावलं तर म्हणाले, गुडघे दुखतात. मला म्हणाले, "आता जाऊन कोणाले दाखवू?"

मग तलावावर यंत्र बसलं आणि जुनी रजिस्टरं रद्दीत निघाली. साडभाऊंनी ती सायकलवरून चार खेपांत घरी आणली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या आनंदल्या. त्यांचे एक सहकारी समुद्रावरून येणाऱ्या पावसाचा अभ्यास करत होते. इतकी वर्षं रोज, एकाच माणसाने, एकाच वेळी घेतलेली नोंद त्यांना कुठे मिळत नव्हती. "काका, सगळी पाठवा. तुमच्या तलावातलं पाणी आमच्याकडूनच येतं हो." एरवी साडभाऊंना एवढ्याने आभाळ ठेंगणं झालं असतं. पण ते आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिले. पेटी बांधून तयार होती, तरी सहा महिने ती हलली नाही. बाई बिचाऱ्या विचारून थकल्या. म्हाताऱ्याला आता रजिस्टरांची माया सुटत नाही, असं मी बायकोला म्हणालो. किती चुकीचं बोललो.

तोवर त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून मी स्पीकरचा फोन घेतला होता. त्यामुळे त्या रविवारचं सगळं आम्हीही ऐकलं.

"बाई, पेटी तयार हाय. पण एक ओळ खोटी हाय."

"कोणती, काका?"

त्यांनी तारीख सांगितली. बायकोने तोंडाला पदर लावला. "त्या दिवशी मी पट्टीपाशी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी त्या ओळीत वरच्या ओळीचा आकडा तसाच उतरवला. टपरीचा आकडा हाय तो, बाई. माह्या हातचा."

"एवढ्या वर्षांत एक ओळ, काका. त्याने काही बिघडत नाही."

"काऊन नाही बिघडत? बिघडते."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"आमच्या घरची गेली."

पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "काका, मागच्या रविवारी तर तुम्ही म्हणालात मावशी बऱ्या आहेत."

"तोही टपरीचाच," साडभाऊ म्हणाले.

बाई रडत होत्या की काय, मला सांगता येत नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काका, आमचंही यंत्र एखाद्या दिवशी बंद पडतं. त्या दिवशी आम्ही काहीच लिहीत नाही. जागा कोरी सोडतो. कोरी जागा खोटी नसते. तुमची ती ओळ मी कोरी ठेवते."

"कोरीच राहील न? मागाहून कोणी भरणार त नाही?"

"नाही. कोणी भरणार नाही."

"ठेवजा मंग," साडभाऊ म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा, आमच्या बैठकीत, ताईच्या खुर्चीवर हात ठेवून ते मोठमोठ्याने रडले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पेटी स्टेशनवर नेऊन पार्सलात दिली. गाडी सुटेपर्यंत ते त्या पिवळ्या पाटीखाली उभे होते.

पुढच्या पावसाळ्यात साडभाऊ गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता. त्यानंतर काही महिन्यांनी गोव्याकडून माझ्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. आत तलावाच्या पाण्याचे आलेख, दर वर्षाचं एक पान. रेघ पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते, सगळी पानं सारखीच. बायको चष्मा लावून एकेक पान उलटत होती. एका पानावर ती थांबली. तिथे रेघ तांदळाच्या कणीएवढी तुटलेली होती आणि पुढे पुन्हा सुरू झाली होती.

"इथं शाई उमटली नाही वाटते," ती म्हणाली.

मी तिला तारीख वाचायला सांगितलं. तिने वाचली, आणि मग त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ती बसून राहिली. साडभाऊंनी ताईला समुद्र दाखवला नाही, याचा राग मला आजही आहे. पण समुद्राचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांच्या कागदात ताईची जागा आहे, आणि ती कोणी भरणार नाही.