चोवीस पुस्तकांचं टार्गेट आणि दोनदा बदललेला चष्मा

देशकर काकांनी तिसऱ्यांदा चष्मा काउंटरवर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की नंबर याही वेळी चुकला आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. काकांच्या शेजारी काकू कॅरीबॅग धरून उभ्या होत्या. आमच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भाईसाहब म्हणतात, ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, अब चश्मा नहीं, अंकल बदलना पड़ेगा."

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. औषधं आणि ऑपरेशन हे डॉक्टरांचं काम. हिंदी मुलखातल्या या शहरात, सोनागिरी भागातल्या या दुकानाच्या मागच्या खोलीत मी अकरा वर्षं बसते आहे.

देशकर काका मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी इथल्या मोठ्या कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहून. रिटायर झाल्यावर त्यांनी जवळच बाग सेवनियात घर केलं. आयुष्य दुसऱ्यांना टार्गेट देण्यात गेलं, आता स्वतःलाच एक दिलं होतं: नव्या वर्षात चोवीस पुस्तकं, महिन्याला दोन. त्याचा तक्ता फ्रिजवर लागला होता. मराठी मंडळाच्या ग्रुपवरही जाहीर झालं होतं, म्हणजे माघारीचा रस्ता बंद. जानेवारीच्या आधी ट्रायल रन म्हणून त्यांनी एक कादंबरी हातात घेतली आणि तिथेच गाडी अडली. अक्षरं दिसतात, पण वाचणं पुढे सरकत नाही. म्हणून नवा चष्मा.

पहिल्यांदा मी जवळचा नंबर थोडा वाढवून दिला. दुसऱ्यांदा काचेचा प्रकार बदलला. दोन्ही वेळा जवळच्या तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ त्यांनी अडखळत का होईना, पण वाचली होती. कागदावर सगळं ठीक होतं. वीस दिवसांत काकांची पानं मात्र तीसच झाली होती.

मी त्यांना आत नेलं आणि ते कोणतं पुस्तक वाचतात ते विचारलं. कादंबरी पिशवीतच होती. म्हटलं, एक पान मोठ्याने वाचून दाखवा.

त्यांनी सुरुवात केली. मी मागे उभी राहून पानावर नजर ठेवली. पहिल्या ओळीतले पहिले दोन शब्द त्यांनी वाचलेच नाहीत. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीचा एक गेला. मग ते एक ओळ गाळून थेट खालच्या ओळीवर गेले, थांबले आणि वैतागून म्हणाले, "केव्हाचा वाचून राहिलो, पण या लेखकाला धड वाक्य लिहिता येत नाही न."

लेखकाची वाक्यं व्यवस्थित होती. गळत होती ती डावी बाजू.

मी समोर बसले. त्यांना एक डोळा झाकून माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूने बोट हलवत आणलं. बोट दिसलं की सांगायचं, एवढीच ही परीक्षा. तिला कुठलंही यंत्र लागत नाही. उजवीकडचं बोट लगेच दिसलं. डावीकडचं मात्र अगदी मध्यापर्यंत आलं तरी ते गप्प. दुसऱ्या डोळ्यानेही तेच. एकाच डोळ्याचा दोष असता तर दुसऱ्याने सांभाळून घेतलं असतं. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते तेव्हा बिघाड बहुधा डोळ्यांच्या मागे, मेंदूत असतो.

काळजी तोंडावर न दाखवता मी काकूंना विचारलं, की महिन्याभरात काही वेगळं घडलं का. त्यांनी आठवून सांगितलं, की एका सकाळी यांचं डोकं दुखलं, थोडा वेळ पडून राहिले, अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून दिलं. नंतर स्कूटर दोनदा फाटकाच्या डाव्या खांबाला घासली. आणि ताटातली डावीकडची कोशिंबीर रोज तशीच राहते. त्यावरून त्या रुसल्याही होत्या.

मी म्हटलं, "काका, चष्मा बरोबर आहे. तुम्हाला आत्ता हॉस्पिटलमध्ये जायला हवं."

"जानेवारीत पाहू. आधी ही ट्रायल संपू द्या."

"आत्ता, काका."

काकूंनी त्यांच्या हातातली स्कूटरची किल्ली काढून घेतली. भाईसाहबांनी दुकान माझ्यावर सोपवलं आणि स्वतःच्या गाडीतून दोघांना घेऊन गेले.

स्कॅनमध्ये निघालं, की मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडून एक छोटा झटका येऊन गेला होता. हृदयाचे ठोके अनियमित होते, त्यातून झालेली गुठळी. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, की असंच चालू राहिलं असतं तर पुढचा झटका मोठा असू शकला असता. गेलेली बाजू मात्र परत येईलच असं नाही.

जानेवारीच्या शेवटी काका आले. मी त्यांना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवायला शिकवलं. प्रत्येक ओळ संपली की लाल रंग दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची, मगच पुढची ओळ सुरू करायची. काम हळू होतं. एक पान झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

"टार्गेट सहावर आणावं लागेल," ते म्हणाले. "कमी करून द्या म्हणत जो माझ्याकडे यायचा न, त्याला मी कधी चहासुद्धा विचारला नाही."

मी चहा मागवला.

वर्षअखेर त्यांची पाच पुस्तकं झाली आणि सहाव्याची चाळीस पानं राहिली. ग्रुपवर त्यांनी तसंच कळवलं, कारणासकट. त्या आठवड्यात मंडळातली चार माणसं डोळे तपासायला माझ्याकडे आली. चारही ठणठणीत निघाली.

मी शिकले ते एवढंच. तक्ता वाचायला मिनिट पुरतं. पुस्तकात ओळीमागून ओळ शोधावी लागते. आता वयस्कर पेशंटचा नंबर काढून झाला की मी त्याला एक पान मोठ्याने वाचायला लावते. त्यात पाच मिनिटं जातात आणि बहुतेक जण कंटाळतात.